कुस्तीच्या फोटोंनी भरलेली आमची खानावळ, भाच्याला तिथं मेक्सिकन जेवण सुरू करायचंय. भिंतीचं काय करावं?

खानावळीची लेक (मंगळवार पेठ)

मंडळी, नमस्कार. इथं कुस्तीचे जाणकार आहेत, परदेशात राहिलेले आहेत, जुने फोटो सांभाळणारेही आहेत, म्हणून सगळ्यांना एकदमच विचारते. जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमची खानावळ कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझे वडील, आबा, गंगावेश तालमीतले. फार मोठं नाव नव्हतं, पण गावोगावच्या मैदानात दोन-तीन नंबरच्या कुस्तीला त्यांची जोड लागायची. गुडघा गेला आणि मग आईच्या हाताच्या चवीवर खानावळ उभी राहिली. आई चुलीपाशी, आबा गल्ल्यावर, दादा वाढायला, मी शाळेतून आले की लसूण सोलायला. आजही स्वयंपाकघर वहिनी आणि मी बघतो. बाहेरचा आचारी आम्ही कधी ठेवला नाही.

खासबागेत मैदान असलं की बाहेरगावचे पैलवान, त्यांचे वस्ताद, हलगीवाले, सगळे आमच्याकडे जेवून जायचे. जाताना कुणी फोटो द्यायचं, कुणी मैदानाचं पत्रक. एकाने तर त्या दिवशी मिळालेला फेटा काढून आबांच्या डोक्यावर ठेवला. भिंत अशी भरत गेली. मधोमध मारुतीची तसबीर. तिच्या उजवीकडे श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने हे तीन हिंदकेसरी. डावीकडे खाशाबा जाधवांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो, आता पार पिवळा पडलाय. आणि त्यांच्या खाली, अगदी बाकड्याच्या पाठीला टेकतील इतक्या खाली, ज्यांची नावं आता कुणी घेत नाही असे पैलवान. कुणी चंदगडचा, कुणी माण-खटावचा, कुणी बेळगावकडचा. गुलाबी आणि पिवळ्या कागदावर ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असं ठसठशीत छापलेली पत्रकं आहेत. कोपऱ्यात करेलची, म्हणजे व्यायामाला फिरवायच्या लाकडी मुद्गलांची, जोडी आहे आणि आबांना मिळालेली, चांदीच्या पत्र्याने मढवलेली लहान गदा आहे.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं फ्रेमच्या मागे आहे. प्रत्येक फोटोच्या पाठीवर आबांनी लिहून ठेवलंय: कोण, कुठल्या गावचा, कुणाशी लढला, कुठल्या डावावर कुस्ती झाली. ‘पोकळ घिस्सा’. ‘ढाक’. ‘एकचाक’. काहींवर नुसतंच ‘बरोबरीत सोडवली’.

आता मुद्दा. दादाचा मुलगा, माझा भाचा, क्रूझ जहाजाच्या किचनमध्ये नोकरीला होता. तिथला त्याचा वरिष्ठ कुक मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा. त्याच्या हाताखाली हा पोरगा बिर्रिया, पोसोले, हाताने थापायच्या मक्याच्या भाकऱ्या, म्हणजे तोर्तिया, हे सगळं शिकला, आणि परतताना मेक्सिको सिटीत राहून आला. आता म्हणतो, “आत्या, दुपारी आपलं ताट, संध्याकाळी मेक्सिकन.” आम्ही तिघी-चौघांनी त्याच्या हातचं खाल्लंय. चांगलं करतो, मनापासून करतो. आईनेही होकार दिलाय.

पण त्याला समोरची रिकामी भिंत मेक्सिकन कुस्तीच्या मुखवट्यांनी आणि पोस्टरांनी सजवायचीय. तिकडून एक चंदेरी मुखवटाही आणलाय. आबांच्या वेळेपासून येणारे काही जण यावरून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ठरवून केलेल्या मारामारीची चित्रं आंदळकरांच्या समोर लावू नका.

मला मुखवट्यांचा राग नाही. माझी काळजी निराळी आहे. सजावटीसाठी एका माणसाला दाखवलं, तर त्यांनी आराखड्यात आमचे सगळे फोटो मोठे करून, तपकिरी रंग चढवून, नावं काढून भिंतभर तिरपे लावले होते. “जुना लुक छान येतो,” म्हणाले. ती माणसं आहेत हो. आमच्या ताटावर जेवून गेलेली माणसं आहेत.

तर मला हे सांगा: दोन्ही कुस्त्या एका खोलीत शोभतील का? शोभवायच्या तर कशा? काही फोटो काचेला चिकटलेत, ते कसे वाचवायचे? आणि कोल्हापूरच्या माणसाला खरं मेक्सिकन जेवण रुचेल का, की शेवटी सगळ्यावर चीज ओतावं लागेल? शनिवार मारुतीचा वार, म्हणून आम्ही मटण करत नाही, खानावळ बंदच असते. भाचा म्हणतो, संध्याकाळच्या धंद्याला शनिवार सोडून चालणार नाही. आई म्हणते, मटण चढणार नाही म्हणजे नाही.

शिरोली ते साल्तियो

ताई, आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीचं कास्टिंग मेक्सिकोतल्या वाहन कारखान्यांना जायचं. त्या कामासाठी मी तिकडं राहिलो आहे आणि मेक्सिको सिटीत असलो की शुक्रवारी रात्री आरेना मेहिको या तिथल्या कुस्तीच्या स्टेडियमात जाऊन बसायचो. म्हणून मुखवट्यांबद्दल आधी लिहितो.

तिकडच्या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. साल्वादोर लुत्तेरोथ या माणसाने १९३३ साली मेक्सिको सिटीत तिची कंपनी काढली. ती आजही चालू आहे, जगातली सगळ्यात जुनी चालती कुस्ती कंपनी तीच. आरेना मेहिको १९५६ साली उभं राहिलं. कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांचं म्हणणं खरं आहे आणि ते लपवू नका. पण वरच्या दोरावरून बाहेर, थेट फरशीकडे झेप घेणाऱ्या माणसाची हाडं खरी असतात. ते पैलवान वर्षानुवर्षं तालीम करतात, पकडी आणि सुटका शिकतात, मग कुठं रिंगणात उतरतात. बहुतेक लढती तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या. एक बाजू नियमाने खेळणारी, तिला तेक्निको म्हणतात. दुसरी दांडगाई करणारी, ती रुदो. प्रेक्षकांत आज्या, सुना, तान्ही पोरं, सगळं घर असतं. मी एका आजीबाईंना खुर्चीवर उभं राहून रुदोला शिव्या घालताना पाहिलंय, आणि लढत संपल्यावर त्याच माणसाला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना पाहिलंय.

तिथे मुखवटा म्हणजे पैलवानाची अब्रू. भर चौकातसुद्धा तो चेहरा दाखवत नाही. दोघांनी मुखवटा पणाला लावून लढायचं ठरवलं, तर हरणाऱ्याला रिंगणातच तो उतरवावा लागतो, खरं नाव सांगावं लागतं, आणि पुन्हा तो मुखवटा घालता येत नाही. भाच्याने आणलेला चंदेरी मुखवटा एल सांतोचा असणार. त्यांचं खरं नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता, जन्म १९१७, गाव तुलान्सिंगो. सिनेमातही त्यांनी मुखवटा घालूनच काम केलं, तेही पन्नासच्या वर चित्रपटांत. जानेवारी १९८४ मध्ये टीव्हीवर त्यांनी पहिल्यांदा मुखवटा थोडा वर करून चेहरा दाखवला आणि काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, ते गेले. त्यांना मुखवट्यासकट पुरलं. मुलाने पुढे ‘सांतोचा मुलगा’ याच नावाने चंदेरी मुखवटा चालवला. अशी घराणीच्या घराणी आहेत तिकडं.

एक गोष्ट कोल्हापूरकराला आवडेल. तिकडचा सुरुवातीचा पैलवानी मुखवटा शिवून दिला तो अंतोनियो मार्तिनेस नावाच्या बूट शिवणाऱ्या कारागिराने. त्याच्या घरात पुढे मुखवट्यांचाच धंदा झाला. आपल्या गावात चामड्याचं काम करणाऱ्या हातांना काय मान आहे ते मी सांगायला नको. भाच्याला म्हणावं, त्या मुखवट्याशेजारी हे लिहून लाव.

आणि अशी जागा तिकडं आहे, बरं का. सुपर आस्त्रो नावाच्या पैलवानाने मेक्सिको सिटीच्या मध्यवस्तीत ‘एल क्वाद्रिलातेरो’ नावाचं तोर्तांचं दुकान चालवलं. भिंतीवर मुखवटे, आणि मेनूत किलोच्या वर वजनाचा एक तोर्ता, म्हणजे मांस-अंडी भरलेला पाव. ठरलेल्या वेळात एकट्याने संपवला तर पैसे नाहीत. तुमच्या भाच्याने ते पाहिलं असणारच. तिथले मुखवटे जिवंत वाटतात, कारण ज्याने घातले तो, किंवा त्याचे सोबती, त्या खोलीत वावरलेले आहेत. तुमच्या जुन्या भिंतीचंही तेच आहे. नव्या भिंतीला तेवढा अधिकार मिळवावा लागेल. बाजारातून डझनावारी मुखवटे आणून टांगले तर तो मिळणार नाही. थोडे लावा, ओळखीचे लावा.

आता जेवण. चीज विसरा. बिर्रिया हा हालिस्को प्रांतातला बकऱ्याच्या मटणाचा पदार्थ. सुक्या मिरच्या भाजून, भिजवून वाटायच्या, त्यात जिरं, लवंग, दालचिनी, लसूण, थोडा सिरका, आणि मटण त्यात मुरवून मंद आचेवर हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचं. रस्सा वेगळ्या वाटीत, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. ज्याचं बालपण तांबड्या रश्श्यावर गेलं त्याला हे शिकवायला लागत नाही. पोसोले म्हणजे फुललेल्या मक्याच्या दाण्यांचा आणि मांसाचा रस्सा. तो तांबडा असतो, पांढरा असतो आणि हिरवाही असतो. तिकडं बहुतेक डुकराचं मांस घालतात, तुम्ही कोंबडीवर करा. वरून मुळ्याच्या चकत्या, बारीक चिरलेला कोबी, ओरेगानो आणि लिंबू.

मिरचीसाठी आयात माल नको. तिकडची ग्वाहियो रंगाला गडद आणि तिखटाला बेताची, तिथं ब्याडगी चालते. तिखटपणासाठी थोडी संकेश्वरी. कांदा-लसूण चटणी मात्र बिर्रियात घालू देऊ नका. घातली की ते आपलंच मटण होईल, आणि ते दुपारी ताटात आहेच.

शनिवारचा प्रश्न सगळ्यात सोपा. तिकडं भोपळ्याची फुलं तोर्तियात घालून भाजतात. कोवळ्या निवडुंगाची भाजी करतात. काळा राजमा शिजवून, घोटून, परततात. मक्याचे दाणे मिरची-लिंबू लावून वाटीत देतात. आईंचा वारही सांभाळला जाईल आणि दुकानही उघडं राहील.

लाल माती

मुली, तुझ्या वडिलांना मी पाहिलं असेल, नसेल. पण फोटोच्या पाठीवर डाव लिहून ठेवणारा माणूस काय जातीचा पैलवान होता ते मला कळलं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानं पाहिली. माझं मत सरळ सांगतो.

दोन्ही एका खोलीत असू देत. एका भिंतीवर नकोत. यात मेक्सिकोच्या पैलवानांचा अपमान नाही. त्यांची कला त्यांच्या जागी मोठी आहे, वरच्या गृहस्थांनी छान समजावून दिलं. पण आपल्या मातीत ‘निकाली’ या शब्दासाठी माणसं मैलोन्‌मैल चालत यायची. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले होते. तिकडची गोल प्रेक्षागारं त्यांच्या मनात राहिली, आणि १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मैदान असं बांधलं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आखाडा स्पष्ट दिसावा. कशासाठी? पाठ लागली की नाही, हे हजारो लोकांनी आपल्या डोळ्यांनी ठरवावं यासाठी. ती भिंत त्या डोळ्यांची आहे. तिथं मुखवटा लावलास तर नव्या पोराला वाटेल की दोन्ही एकच. नवीन भिंत त्यांना दे, मनापासून दे.

आता तू जे विचारलं नाहीस ते सांगतो. तुझ्या भिंतीची मांडणी बदल. हिंदकेसरी वर आणि डोळ्यांच्या उंचीला आहेत, लहान पैलवान खाली बाकड्याच्या पाठीला. ते उलट कर. खंचनाळे १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी, आंदळकर त्यांच्या पाठोपाठ १९६० चे, पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला गेले. त्यांची नावं पुस्तकांत आहेत, तालमींत आहेत. त्यांना तुझ्या भिंतीची गरज नाही. त्या चंदगडच्या पैलवानाला आहे. त्याचं नाव सबंध जगात फक्त तुझ्या आबांच्या अक्षरात एका पुठ्ठ्याच्या मागे उरलं असेल. जेवायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर तो आला पाहिजे, नावासकट, गावासकट, डावासकट.

पाठीवरचा मजकूर पुढे आण. आबांनी लिहिलाय तसाच, शुद्धलेखन न सुधारता. ‘बरोबरीत सोडवली’ हेही लाव. चितपट झालेल्याचं नावही लाव. हरलेल्या पैलवानाशिवाय कुस्ती होत नाही.

खाशाबांच्या फोटोखाली मात्र थोडं जास्त लिही. १९५२ च्या हेलसिंकीचं कांस्यपदक सगळ्यांना ठाऊक असतं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या खेळून त्या पैशांतून ते घर सोडवलं, हे किती पोरांना माहीत आहे? आपल्या गावात घडलेली गोष्ट आहे ही. तुझ्या खानावळीत वाचायला मिळाली तर पोरं घरी जाऊन सांगतील.

जुन्या लोकांच्या नाराजीचं म्हणशील, तर त्यांना विचारायला बोलाव. फोटो उतरवायच्या दिवशी बोलाव. एकेक फ्रेम त्यांच्या हातात दे आणि काय आठवतं ते लिहून घे. आबांनी न लिहिलेलं बरंच काही निघेल.

जुना कागद

फोटोंबद्दल थोडक्यात आणि कामाचं.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, पाणी लावू नका, वाफ देऊ नका. वरचा थर काचेवरच राहील आणि फोटो कायमचा जाईल. काचेसकट ठेवा, आणि काचेवरूनच नीट उजेडात, चकाकी टाळून, चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या. बाकीचे सुटे असतील ते ६०० डीपीआयला स्कॅन करा. पाठीवरचं अक्षरही स्कॅन करा, तुमच्या बाबतीत तर ते आधी करा.

भिंतीवर प्रती लावा. मूळ फोटो खानावळीत नकोतच. फोडणीचा तेलकट धूर, वाफ आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा, तिन्ही मिळून फोटो खातात. मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून, घरी, वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या स्टीलच्या कपाटात. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात बदलत राहायच्या. वरचा मजला का म्हणतो ते २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्याला सांगायला नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुमच्याजवळचंच केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवायची नाही, एवढं त्या रात्रीनंतर प्रत्येकाने मनाशी धरायला हवं. स्कॅन केलेल्या फायली दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

लॅमिनेशन करू नका. फेव्हिकॉल नको, चिकटपट्टी नको. काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड माउंटची चौकट ठेवा म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीची ओल थेट लागणार नाही आणि हवा खेळेल. पाठीवर नवीन काही लिहायचं तर मऊ शिसपेन्सिल, बॉलपेन नको.

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, त्याला इलाज नाही. प्रत काढा, मूळ अंधारात ठेवा. गुलाबी-पिवळी पत्रकं उन्हाने फार लवकर विटतात, त्यांचंही तेच. फेटा दर खेपेला त्याच घडीवर दुमडू नका, धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा. गदा पॉलिशने सारखी घासू नका, पत्रा पातळ असतो, नक्षी जाईल. मऊ सुती कापडाने पुसा आणि वर्तमानपत्रात कधी गुंडाळू नका, चांदी काळी पडते.

राजारामपुरी नववी गल्ली

ताई, मी कॉलेजात आहे, आमचा ग्रुप आठवड्यातून एकदा तरी बाहेर खातो. खरं सांगतो, चीज आम्हाला आवडतं, पण चीजसाठी आम्ही तुमच्याकडं येणार नाही. ते गल्लीगल्लीत मिळतं. बकऱ्याच्या मटणाचा मेक्सिकन रस्सा कोल्हापुरात कुठं मिळतो? त्यासाठी येऊ. फक्त दर असे ठेवा की चौघांत दोन प्लेटा मागवल्या तरी कुणी वाकडं बघणार नाही.

आणि भिंतीबद्दल. माझे पणजोबा तालमीत होते एवढंच घरात माहीत आहे. कुठल्या तालमीत, कुणाशी लढले, काहीच नाही. फोटोही नाही. तुमच्या भिंतीवर गावांची नावं वाचायला मिळाली, तर मी प्रत्येक फ्रेम वाचेन. ते तिरपे, नाव काढलेले फोटो लावू नका, प्लीज. नाद खुळा काम होईल, मी पोरांना घेऊन येतो.

खानावळीची लेक (मंगळवार पेठ)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं उरकल्यावर दादा, वहिनी, भाचा आणि आईला बसवून सगळं वाचून दाखवलं.

लाल माती काका, तुमचं म्हणणं आईला सगळ्यात आधी पटलं. हिंदकेसरी वरच्या ओळीत जातील, बाकीचे सगळे बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येतील. खालची ओळ रिकामी, तिथं पाठ घासून फ्रेमा खराब होत होत्याच. आबांचा मजकूर त्यांच्याच अक्षरात, स्कॅन करून, फोटोखाली. तुम्ही म्हणालात तसं जुन्या मंडळींना फोटो उतरवायला बोलावतोय, शनिवारी सकाळी, खानावळ बंद असते तेव्हा. तुम्हीही या. एका फोटोच्या पाठीवर नुसतंच ‘कवठेमहांकाळचा, पंजाबच्या पैलवानाशी, टांग’ एवढंच आहे, नाव पुसलं गेलंय. हलगीवाला मागे दिसतो. तुमच्यापैकी कुणाला ओळख पटली तर आबांचं राहिलेलं काम पुरं होईल.

शिरोलीवाले दादा, भाचा तुमचं लिहिलेलं दोनदा वाचून गप्प बसला, मग आतून मुखवटा घेऊन आला. तो एल सांतोचाच आहे. समोरच्या भिंतीवर तो एकच मुखवटा काचेत राहील, शेजारी आरेना मेहिकोचं त्याने आणलेलं पोस्टर, आणि सांतोंची व त्या बूट शिवणाऱ्या कारागिराची हकिकत मराठीत. निकाल ठरलेला असतो हेही त्यात लिहायचं असं त्यानेच सुचवलं. बाकी भिंत मोकळी ठेवतोय. ग्वादालाहाराच्या त्याच्या कुकला त्याने रात्रीच निरोप धाडला, तुझ्या घरच्या कुणाचा रिंगणातला फोटो असेल तर पाठव म्हणून.

सजावटीचं काम त्या माणसांना द्यायचं नाही, हे आईने ठरवलं. भिंत आम्हीच रंगवू.

शनिवारचं जमलं. भोपळ्याची फुलं वहिनीच्या माहेरच्या मळ्यात भरपूर, आजवर त्यांची भजीच व्हायची. काळा राजमा आणि मक्याचे दाणेही ठरले. निवडुंगाला आईने अजून होकार दिलेला नाही.

एक अडलंय. तोर्तियासाठी मका चुन्यात शिजवायचा असं भाचा म्हणतो. जहाजावर तयार पीठ यायचं, त्यामुळं त्याने स्वतः केलेलं नाही. कुठला मका, कुठला चुना, किती?

शिरोली ते साल्तियो

ताई, पांढरा वाळलेला मका मिळाला तर उत्तम, नाहीतर पिवळा चालेल. धान्याच्या दुकानातला घ्या. कृषी केंद्रातला बियाण्याचा मका चुकूनही नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खाण्याच्या चुन्याची कोरडी भुकटी. पानाचा ओला चुना पाणी धरून असतो, त्यात मोजमाप चुकतं. पातेलं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियम चुन्याने खराब होतं. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवायचं, दाणा आत थोडा कच्चाच राहिला पाहिजे. मग झाकून रात्रभर तसंच. सकाळी चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवायचं म्हणजे सालं निघून जातात. दगडी ग्राइंडरवर शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. चुन्यामुळे पीठ बांधून येतं, थापताना चिरत नाही, आणि मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्वही अंगी लागतं. ज्या दिवशीचं पीठ त्याच दिवशी संपवायचं, आंबलं की चव बिघडते.

पोसोलेचे दाणे असेच चुन्यात शिजवून, धुऊन, मग साध्या पाण्यात फुलेपर्यंत शिजवायचे, त्याला तीन-चार तास धरा. पहिला घाणा अर्ध्या किलोचा करा. शनिवारी सकाळी फोटो उतरवायला मीही येतो, ग्राइंडरपाशी भाच्याबरोबर उभा राहीन.